साडेआठ हजार वेढे

"ही करते काय?" माझी गिटार टेबलावर उताणी टाकत शालाक्कानं विचारलं.

"करते काय म्हणजे? वाजते."

"वाजते ते कळलं. मोटार आली की मी पहिलं विचारतो, मागाची हाय का पिठाच्या गिरणीची. काम कळल्याबिगर वेढे किती घालायचे ते कसं ठरवू?"

इचलकरंजीत माग आहेत, मागांना मोटारी आहेत आणि मोटारी जळतात. जळलेल्या मोटारींची तार काढून नवी तार गुंडाळून देण्याचं काम मगदूम रिवाइंडिंग वर्क्समध्ये होई. वडिलांची नजर अधू झाल्यापासून दुकान शालाक्काच चालवायची. चाळिशीची बाई, कानावर पेन्सिल, बोटांना कायम वॉर्निशचा वास, आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी करतो, मी बघतो' बोलणं. तिच्यासमोर मी उभा होतो. सप्तझंकार ऑर्केस्ट्राचा लीड गिटारवादक धनंजय हावळ, वय एकोणतीस, केस खांद्यापर्यंत. पिकअप या विषयात अख्ख्या गावात माझ्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. म्हणजे कोणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे माझं कळणं तपासायला कोणी नव्हतं.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. वर तार थरथरली की खाली वीज जागी होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. एवढाच खेळ. माझ्या गिटारला असे दोन पिकअप होते. सहा वर्षांत मी चार वेळा ते बदलले होते, मुंबईहून, पुण्याहून, एकदा तर आत्तेभावाकरवी सिंगापूरहून मागवून. तरी आवाज काही मनासारखा येत नव्हता.

आणि आता वेळ नव्हती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमचा कार्यक्रम होता आणि तो ऐकायला पाटणकर नावाचे गृहस्थ मस्कतहून येणार होते. डिसेंबरात ते तिकडे सात कार्यक्रम ठरवत होते. आम्ही अकराजण होतो आणि ते नेणार होते सहा. आमचे मालक आनंदराव चौगुले म्हणाले होते, "कीबोर्डवाला नक्की. बाकीच्यांचं बघून ठरवू." मी मात्र घरी, गल्लीत, कटिंगच्या दुकानात, सगळीकडे मस्कतला जातोय असं सांगून बसलो होतो. चुलत्यांनी तर खजूर किती आणायचा तेही सांगून ठेवलं होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी, सगळे उपाय हरल्यावर, मी मोटारीच्या दुकानात आलो होतो.

"मला चमक पाहिजे अक्का," मी म्हणालो. "काच फुटल्यासारखा लखलखीत आवाज."

"अ‍ॅम्प्लिफायर कसला हाय?"

"मंडपवाल्याचा. एकच आहे, तोच कायम असतो. त्याचा इथे काय संबंध?"

मोटारीचा आणि विजेचा काय संबंध असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "जावा, घेऊन या."

रिक्षात घालून अ‍ॅम्प्लिफायर आणला. तिनं गिटार जोडली, मला दोनचार तारा छेडायला लावल्या, मग स्क्रूड्रायव्हरची मूठ गिटारच्या अंगावर ठिकठिकाणी वाजवून पाहिली. मी कपाळाला आठ्या घालून उभा राहिलो, कारण तज्ज्ञ माणसाचं दुसऱ्यानं तपासलं तर आठ्या घालाव्या लागतात.

"हे लाकूड हलकं हाय," ती म्हणाली. "म्हणजे आवाज मुळातच पातळ. अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर किरकिरा. आणि त्याच्यात तुम्ही चारी येळंला किरकिरेच पिकअप बसवले. आमटी खारट लागली म्हणून मीठ घालत बसला तुम्ही."

"चमक असावी लागते, अक्का."

"चमक हाय की. तेवढीच हाय." मग तिनं कान टवकारले. वर ट्यूबलाइट जळत होती आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून गुंऽऽ असा एकसुरी आवाज येत होता. "आणि हे काय गुणगुणायलंय?"

"ते असतंच. लाइटमुळे होतं."

"स्टेजवर तर किती लाइटी. तिथं लोक काय म्हणत न्हाईत?"

"सहा वर्षांत एकानंही नाव काढलेलं नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"एकानं पण?" तिनं कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

शनिवारी दिवसभर ती माझ्या गिटारपाशी बसली. मोटारीच्या स्टार्टरमधल्या रिलेच्या कॉइलसाठी आणलेली बारीक तार तिच्याकडे होती. मोजणीचा आकडा लावलेल्या यंत्रावर तिनं एक पिकअप उजवा गुंडाळला, दुसरा डावा, आणि दुसऱ्याचं चुंबक उलटं बसवलं. लाइटची गुणगुण दोन्हीत सारखीच शिरणार, पण एकात सुलटी आणि दुसऱ्यात उलटी, मग ती आपसात मरणार आणि तारांचा आवाज तेवढा उरणार, असं तिचं गणित. हे गणित मी परदेशी मासिकात वाचलं होतं, त्यामुळे मी मान डोलावून तिला उत्तेजन दिलं.

आधी तिनं प्रत्येकी नऊ हजार वेढे घातले. अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकलं.

"घोगरा झाला," ती म्हणाली. "बोळा कोंबल्यागत."

"मला तर भारदस्त वाटतोय."

"भारदस्त न्हाई, सर्दी झालीय त्याला." तिनं दोन्हींचे पाचशे पाचशे वेढे उतरवले. पुन्हा ऐकलं. मग मेणबत्त्या वितळवून त्या मेणात दोन्ही कॉइल बुडवून काढल्या, म्हणजे आवाज वाढवला तरी शिट्टी मारणार नाही. संध्याकाळी गिटार माझ्या गळ्यात घालून म्हणाली, "वाजवा."

मी वाजवलं. ट्यूबलाइट डोक्यावर जळत होती आणि अ‍ॅम्प्लिफायर शांत होता. एकेक सूर सुटा, भरलेला, धुतल्यासारखा येत होता. सहा वर्षं ज्यासाठी मी टपाल हापिसाच्या चकरा मारल्या तो आवाज मोटारीच्या दुकानात निघाला होता. मला इतका आनंद झाला की मी तिला धन्यवाद द्यायचं विसरलो.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

"मला गाण्यातलं काय कळत न्हाई," शालाक्का म्हणाली. "पण आता तुमचं बोट कुठं पडतंय ते कळतंय."

मी ही स्तुती समजलो.

रविवारी तीनला मी नाट्यगृहात पोचलो तर शालाक्का माझ्या आधी हजर. हातात मीटर, काखेत पिशवी. बसवून दिलेली मोटार जागेवर फिरताना पाहिल्याशिवाय ती कामातून मोकळी होत नसे, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज होता. मी तिला स्टेजवर बोलावलं, पण ती पायऱ्या उतरून उलट्या दिशेनं, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला निघाली. तिथे साउंडवाला पोपट त्याचा मिक्सर मांडून बसला होता. नाव पोपट, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप.

"अक्का, गिटार इकडे आहे," मी ओरडलो.

"आमच्यात लांबच्या टोकाकडनं तपासत येतात," ती न थांबता म्हणाली. "वीज निघती कुठनं ते कुणीबी सांगतंय. पोचती का न्हाई ते बघायचं असतंय."

स्टेजवर माझ्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर एक माइक असे. त्याची वायर बाकीच्या वायरींबरोबर जमिनीवरून पोपटच्या मिक्सरपर्यंत जाई आणि तिथून मोठ्या स्पीकरांना. शालाक्का मिक्सरजवळ वाकली, दोन मिनिटं पोपटशी काही बोलली, मग मान वर करून तिनं मला हाक मारली. "धनंजयराव, जरा इकडं या."

मी गेलो. मिक्सरला दहा वायरी खोचलेल्या होत्या. अकरावी खाली जमिनीवर, नीट वेटोळं करून, सुतळीनं बांधून ठेवली होती. तिच्यावर बोटभर धूळ होती.

"ही कुणाची?" शालाक्कानं पोपटला विचारलं.

"गिटारची."

"मग ही खाली कशी?"

"ती खालीच असते."

"कधीपासून?" हे मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

पोपटनं प्रामाणिकपणे आठवलं. "जयसिंगपूरला लई गुणगुणायला लागली. मालक म्हणाले काढ. काढली."

जयसिंगपूर हा माझा सप्तझंकारबरोबरचा दुसरा कार्यक्रम. सहा वर्षांपूर्वीचा.

"मग परत लावली का नाहीस?"

"लाव म्हणाले न्हाईत," पोपट म्हणाला. त्याचे त्या दिवसाचे दहा शब्द केव्हाच संपले होते.

तुम्ही म्हणाल, माणसाला इतकी वर्षं कळलं कसं नाही. पायाशी माझा अ‍ॅम्प्लिफायर वाजत असे, तो मला ऐकू येई. समोरच्या भिंतीवरून जो गोड, मोठा, फुगलेला आवाज परत येई तो मी माझाच समजत असे. कार्यक्रमानंतर लोक येऊन म्हणत, गिटार काय सुरेख वाजवता हो. मी त्यांना पिकअप समजावून सांगे. मग तो भिंतीवरून येणारा आवाज कोणाचा होता, हा प्रश्न आता पहिल्यांदा माझ्यापुढे आला आणि त्याचं उत्तर स्टेजवर कीबोर्डची झाकणं काढत उभं होतं.

आमचा कीबोर्डवाला इर्शाद मुजावर सहकारी बँकेत कारकून होता. अतिशय सभ्य माणूस. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं आधी शालाक्काकडे, मग तिच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं आणि समजला.

"मालक म्हणाले, गिटारची जागा रिकामी वाटते," तो खाली बघत म्हणाला. "कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज असतो, तो काढून वाजव म्हणाले."

"किती गाण्यांत?"

"तसं सगळ्याच."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कार्यक्रम झाल्यावर तुम्ही इतके खूश असायचा," इर्शाद म्हणाला. "मग राहून जायचं."

या माणसाला मी कितीदा तरी ऐकवलं होतं की कीबोर्डच्या आवाजात जीव नसतो, जीव तारेतच असतो. तो दरवेळी मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, बिचारा आपली मर्यादा ओळखून आहे.

मी तरातरा मेकअपच्या खोलीत गेलो. मालक आरशासमोर मिशीला काळं लावत होते. मी म्हणालो, "आज माझी वायर लावायची."

"कुठली वायर?" ते म्हणाले, मग दारात उभी असलेली शालाक्का त्यांना दिसली. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "हे बघा हावळ, आज पाटणकर येतायत. आज नवीन काही नको."

"नवीन? सहा वर्षं मी वाजवतोय."

"वाजवताय की. आणि लोकांना आवडतं. तुम्ही केस उडवता, गुडघ्यावर बसता, डोळे मिटता. तुमच्यासारखं वाकणारा माणूस कोल्हापूर-सांगलीत नाही, हे मी चारचौघांत सांगतो."

"आणि आवाज?"

"आवाजाचं इर्शाद बघतो."

मी म्हणालो, आज वायर लावली नाही तर मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. ही धमकी ऐकून त्यांना फारशी काळजी वाटली नाही, पण पाटणकरांसमोर गिटारच्या जागी खिंडार दिसलं असतं. शेवटी एका गाण्याचा सौदा झाला. उत्तरार्धातलं पहिलं गाणं, ज्याच्या आधी गिटारचा लांबलचक तुकडा आहे. तेवढ्यात इर्शादनं हात मांडीवर ठेवायचे. पोपटनं वायरीची सुतळी सोडली, धूळ फुंकली आणि टोक मिक्सरला खोचलं. शालाक्कानं मीटर लावून पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसली. "पोचायलीय," ती म्हणाली.

उत्तरार्धाला पडदा वर गेला. थिएटर भरलेलं. पाटणकर दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या सफारीत. मी डोळे मिटले, केस मागे टाकले आणि पहिली तार छेडली.

आवाज आला. समोरच्या भिंतीवरून, छतावरून, सगळीकडून, माझा स्वतःचा. लाइट धगधगत होते आणि गुणगुण नावाला नव्हती. शालाक्कानं लाकूड ओळखलं होतं, अ‍ॅम्प्लिफायर ओळखला होता, एकेक वेढा हिशोबानं घातला होता, आणि तिचं काम इतकं चोख झालं होतं की माझी प्रत्येक चूक शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होती.

तुकड्याच्या तिसऱ्या ओळीत मी जो सूर लावतो तो तिथे नाहीच. तो सहा वर्षं मी तिथे लावत होतो. लय पाव मात्रा पुढे पळत होती. जिथे तार खेचून सूर वर न्यायचा तिथे माझी तार अर्ध्या वाटेत दमून थांबत होती. मला कोणी ऐकलंच नव्हतं, मग सांगणार कोण? ढोलकवाल्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. गायिका बाई इर्शादच्या ओळखीच्या जागेची वाट बघत राहिल्या, ती जागा आली नाही, आणि त्यांनी गाणं दोन मात्रा उशिरा उचललं. पुढच्या रांगेत शेंगदाणे खाणाऱ्या एका माणसाचा हात पुडीतच थांबला. मी डोळे उघडले नाहीत. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण सवयीनं मी गुडघ्यावर बसलो, आणि टाळ्या आल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी विंगेत गिटार घेऊन उभा होतो. शालाक्का मीटरच्या वायरी गुंडाळत होती. पाटणकर आणि मालक बोलत बोलत आत आले.

"ते केसवाले गिटारवाले पाहिजेतच," पाटणकर म्हणत होते. "आमच्याकडच्या मंडळींना तसलं फार आवडतं. फक्त मध्ये एका गाण्यात गिटारला काय झालं होतं? मशीन बिघडलं होतं का?"

"किरकोळ बिघाड," मालक म्हणाले. "तिकडे होणार नाही." मला बघून ते थांबले, पाटणकरांना पुढे पाठवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हावळ, तुमचं मस्कत पक्कं. उद्या पासपोर्टचे कागद घेऊन या. वायर मात्र खाली राहील. चालेल ना?"

शालाक्का म्हणाली, "मालक, डिसेंबर लांब हाय. ह्यांना चार महिने रोज बसू द्या. आता ऐकू यायलंय. चूक कुठं हाय ते कळलं म्हणजे ती निघती."

"नाही निघाली तर?" मालक म्हणाले. "तिकीट काढलेलं असतं हो अक्का. मला आत्ता सांगा. वायर खाली ठेवून येणार असाल तर जागा आहे. वायर लावूनच यायचं असेल तर शिका, पुढच्या वर्षी बघू."

शालाक्का माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं. ती बरोबर सांगतेय हे मला त्या क्षणी पूर्ण कळत होतं. चार महिने, कदाचित वर्षभर, तिच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बसलो असतो तर त्या आवाजाच्या लायकीचं काहीतरी वाजवायला शिकलो असतो. पण मग गल्लीत काय सांगायचं? चुलत्यांना, कटिंगच्या दुकानात काय सांगायचं? की मस्कत रद्द, कारण मला गिटार येत नाही?

"चालेल," मी म्हणालो.

मालक खूश होऊन निघून गेले. शालाक्कानं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि हात पुढे केला. "गिटार द्या इकडं."

"कशाला?"

"माझे वेढे काढून घेतो."

"अक्का, मजुरी सांगा ना किती झाली ती..."

"मजुरी नको. वाजवायला घातलेले हायत ते. बघायला न्हाईत."

ती तिथेच विंगेतल्या बाकावर बसली. तारा सैल केल्या, स्क्रू काढले, दोन्ही पिकअपच्या वायरी पक्कडीनं तोडल्या आणि मेणात भिजलेल्या त्या दोन कॉइल प्लास्टिकच्या कव्हरांतून सोडवून रुमालात बांधल्या. मला वाटलं आता ती बोल लावेल. मी बोलणी खायला तयार होतो, एखादी कानाखाली बसली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं फक्त दोन्ही रिकामी कव्हरं पुन्हा जागेवर बसवली, स्क्रू आवळले, एक जरा तिरकं बसलं होतं ते सरळ केलं आणि पदरानं पुसलं.

"आता कुणाला कळायचं न्हाई," ती म्हणाली आणि गेली.

मस्कतला सात कार्यक्रम झाले. सातही ठिकाणी मी केस उडवले, गुडघ्यावर बसलो, डोळे मिटले. गिटारमध्ये काही नव्हतं. इर्शाद फार सुंदर वाजवत होता. शेवटच्या कार्यक्रमानंतर एक मराठी इंजिनियर स्टेजपाशी आले. त्यांच्याकडेही एक इलेक्ट्रिक गिटार होती आणि तिच्या आवाजानं त्यांचं समाधान होत नव्हतं. माझी गिटार त्यांनी अदबीनं हातात घेतली, कव्हरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इतका गोड आवाज! पिकअप कुठले हो तुमचे?"

मी त्यांना बसवून घेतलं आणि आधी लाकूड बघायचं, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग वेढे ठरवायचे, हे सगळं अर्धा तास नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.